तीन माणसांच्या ऑफिसला बिम परवडतंय का?

राजारामपुरीकर: मंडळी, आमचं छोटं आर्किटेक्ट ऑफिस, मी, एक ज्युनियर आन् एक ड्राफ्ट्समन, सगळं काम ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरवर, बंगले आन् दोन-तीन मजली अपार्टमेंट. आता बिमवर, म्हणजे नुसत्या रेषांऐवजी इमारतीचं माहितीसकट थ्रीडी मॉडेल करायच्या पद्धतीवर, जायचं म्हणतोय पण एवढ्याशा ऑफिसला उपयोग हाय का, का नुसता मोठ्या कंपन्यांचा थाट?

रंकाळावाला: भावा, उलट छोट्यालाच जास्त उपयोग, तुझ्याकडं ड्रॉइंग तपासायला वेगळा माणूस कुठाय? २०१९ च्या पुरानंतर पंचगंगेकडच्या एका क्लायंटनं प्लिंथ म्हणजे जोतं २ फूट वर घ्यायला लावला, कॅडमध्ये सगळं परत काढत बसलो असतो, रेव्हिट या बिमच्या सॉफ्टवेअरमध्ये लेव्हल उचलली की सेक्शन-एलेव्हेशन (उभा छेद आन् बाहेरची बाजू दाखवणारी ड्रॉइंग) आपोआप बदललं, बाहेरच्या पायऱ्या तेवढ्या हातानं बघाव्या लागल्या. दारं-खिडक्यांचं शेड्यूल म्हणजे मापांची यादी, वीटकामाचं माप पण मॉडेलमधनंच निघतं. पण मॉडेल नीट केलेलं पाहिजे, नाहीतर चुकीचा आकडा पण लई रुबाबात छापून येतो.

साइटवरचा: पहिला प्रोजेक्ट रडवतोय, आधीच सांगतो. चालू काम त्यात घालू नका, एखादा नवा बंगला घ्या. रेव्हिटचं छोटं रूप, रेव्हिट एलटी, स्वस्त पडतं पण एकाच मॉडेलवर दोघांना एकदम काम करता येत नाही त्यात. फुकटात बघायचं तर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवरचं बोन्साय हाय, थेट आयएफसी फाइलवर (वेगवेगळ्या बिम सॉफ्टवेअरना चालणारी खुली फाइल) चालतं, शिकायला मात्र चिकाटी पाहिजे.

राजारामपुरीकर: आन् आमचे स्ट्रक्चरल इंजिनियर कॅडच मागतात की ओ.

रंकाळावाला: मग मॉडेलमधनं डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडचीच फाइल, एक्स्पोर्ट करून दे की! काँक्रीटचा बीम आन् ड्रेनेजचा पाइप कुठं आडवा येतोय ते मॉडेलमध्ये तुलाच आधी दिसंल, स्लॅब फोडायच्या आधी.