ॲप-टॅक्सीतला अत्याचार: आधी पोलीस, मग कंपनी
ॲप-टॅक्सीत लैंगिक अत्याचार झाला तर काय करावं, यावर दोन सल्ले दिले जातात: आधी ॲपवर तक्रार करा, आणि घटना घडली त्याच हद्दीतल्या ठाण्यात जा. दोन्ही नुकसान करणारे आहेत, म्हणून लिहितो.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम १७३ नुसार कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता घेतलेली फिर्याद, नोंदवता येतो. तो पुढे योग्य ठाण्याकडे जातो. जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. बलात्काराची फिर्याद नोंदवायला नकार देणं हा भारतीय न्याय संहितेच्या (गुन्हे आणि शिक्षांचा कायदा) कलम १९९ खाली त्या पोलिसाचा गुन्हा आहे. नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, तरीही हललं नाही तर न्यायदंडाधिकारी.

वैद्यकीय तपासणी पीडितेच्या संमतीनेच होते. उपचार सरकारी काय, खासगी काय, प्रत्येक रुग्णालयाने मोफत द्यायचे (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३९७). एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, त्यामुळे एफआयआरसाठी ते अडवू देऊ नका. कपडे धुऊ नयेत. कागदी पिशवीत ठेवावेत, प्लॅस्टिकमध्ये ओल धरून नमुने खराब होतात.

फेरीची पावती, मार्ग, चालकाचं नाव, गाडी क्रमांक यांचे स्क्रीनशॉट लगेच घ्या. ॲपवर तक्रार केल्यावर हा तपशील दिसेनासा झाला तर पंचाईत. कंपनीकडची जीपीएस नोंद त्याच सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली मागवा, असं तपास अधिकाऱ्याला लेखी द्या आणि पोच घ्या.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही, आणि भरपाईचा अर्जही तिथेच करता येतो.