सहाच्या पाढ्याशेजारी मूळ संख्या असतेच का?

पाथर्डीफाटा:
भाचा दहावीला आहे, कॉलेज रोडला क्लास लावलाय. त्याने स्वतःच शोधलंय की ६ च्या पाढ्यातली कुठलीही संख्या घ्या, तिच्या एक अलीकडे नाहीतर एक पलीकडे मूळ संख्या सापडतेच. ३६ घेतलं तर ३५ नाही पण ३७ आहे, मी पण ९० पर्यंत करून बघितलं आणि बरोबर येतंय, मग हे सिद्ध झालं म्हणायचं का अजून तपासायचं?

सिडकोवाला:
१२० बघा. ११९ म्हणजे ७ गुणिले १७ आणि १२१ म्हणजे ११ चा वर्ग. संपला विषय. ११४ पर्यंत सगळं जुळतं म्हणून फसायला होतं.

गोदाकाठ:
पोराला नाराज नका होऊ देऊ, फर्मा या गणितज्ञाचंही असंच झालेलं. २ पासून दरवेळी आधीच्याचा वर्ग करत जायचं (२, ४, १६...) आणि प्रत्येकात १ मिळवायचा; ३, ५, १७, २५७, ६५५३७ सगळ्या मूळ निघाल्या म्हणून त्याला वाटलं पुढच्याही असणार, आणि १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने दाखवलं की पुढचीच ४२९४९६७२९७ ला ६४१ ने भाग जातो!

पाथर्डीफाटा:
भारी. पण क्लासमधला एकजण म्हणतो ३ पेक्षा मोठी प्रत्येक मूळ संख्या सहाच्या पाढ्यातल्या संख्येशेजारीच असते हेही चूक, कारण २५ तिथे आहे पण मूळ नाही?

सिडकोवाला:
छे, ते काउंटर एक्झाम्पलच नाही. विधान मूळ संख्यांबद्दल आहे, २५ चा संबंध काय? मोडायचं तर शेजारी नसलेली मूळ संख्या आणा म्हणावं, आणि ती मिळणार नाही कारण ६ ने भागून बाकी ०, २, ४ उरली की संख्या सम आणि ३ उरली की तिला ३ ने भाग जातो.