कॉम्प्युटर सारखा निळा पडून रिस्टार्ट व्हायलाय, मदरबोर्ड बदलायच्या आधी काय काय बघू?

पत्रिका_मंगळवारपेठ
नमस्कार मंडळी, जरा मदत पाहिजे. मी घरीच डीटीपी करते, लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, आणि आता गणपती तोंडावर आलेत म्हणून तालीम मंडळांची पावती पुस्तकं. मशीन आय फाईव्ह दहाव्या जनरेशनचं, विंडोज १०, एसएसडीवर विंडोज आणि सगळा डेटा जुन्या एक टीबीच्या हार्डडिस्कवर. जूनपासून काम करता करता स्क्रीन निळी पडते, तो उदास चेहरा येतो, खाली इंग्लिशमध्ये काहीतरी असतं ते वाचून होईस्तोवर रिस्टार्ट. कोरलमध्ये (डिझाईनचं सॉफ्टवेअर) मोठी फाईल पीडीएफ करायला लावली की हमखास, पण नुसतं क्रोम उघडं असताना पण झालंय.

राजारामपुरीत एका दुकानात नेलं, ते म्हणाले विंडोज १० चा सपोर्ट संपलाय म्हणून होतंय, फॉरमॅट मारून दिलं. थोडे दिवस बरं गेलं आणि परत तेच. आता म्हणतात मदरबोर्ड गेलाय. मदरबोर्डचा खर्च सीझनच्या तोंडावर परवडणारा नाही, आणि बदलूनही तेच झालं तर काय करायचं. मंडळांचं काम अंगावर आहे, कुणाला नीट माहिती असेल तर सांगा प्लीज.

रंकाळा_कट्टा
ताई रॅम काढा, खोडरबरनं पट्टी घासा, परत बसवा. पावसाळ्यात दमट हवेनं काँटॅक्ट खराब होतात, आमच्याकडं दरवर्षी एकदा तरी करायला लागतं. फुकटात काम होतंय, आधी हे करून बघा मग बाकीचं.

सर्व्हिसवाले_काका
ताई, मदरबोर्डवर अजून एक रुपया पण घालू नका. आणि फॉरमॅट तर आता अजिबात मारू देऊ नका कुणाला, का ते खाली सांगतो.

पहिलं म्हणजे सपोर्ट संपल्यामुळं मशीन क्रॅश होत नसतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरंय, पण त्याचा अर्थ सिक्युरिटी अपडेट बंद झाले एवढाच. पुढं मागं ११ वर जावं लागेल, तुमच्या प्रोसेसरला ते चालतंय, पण ही त्याची वेळ नव्हे.

आता मशीन बंद पडतंय म्हणजे नक्की कसं पडतंय ते वेगळं करायला पाहिजे. निळी स्क्रीन येऊन रिस्टार्ट होणं एक, आणि निळं बिळं काही नाही, लाईट गेल्यासारखं फटकन काळं होणं दुसरं. निळं होतं तेव्हा विंडोजला काहीतरी चुकलंय हे कळलेलं असतं आणि ते लिहून ठेवून बंद होतं. फटकन काळं होतं तेव्हा त्याला लिहायला वेळच मिळत नाही, तिथं एसएमपीएस (म्हणजे मशीनचा पॉवर सप्लाय), लाईट, तापमान असल्या गोष्टींकडं बघायचं. इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडून विंडोज लॉग्जमधल्या सिस्टममध्ये गेलात तर लाल खुणेनं कर्नल पॉवर ४१ दिसेल. ते बघून पोरं लगेच पॉवर सप्लाय बदला म्हणतात. अहो ४१ चा अर्थ फक्त मशीन नीट शटडाऊन झालं नव्हतं एवढाच, का ते त्यात नाही. त्याच्या डिटेल्समध्ये बगचेक कोड (निळ्या स्क्रीनचा नंबर) शून्य आहे का दुसरा काही आकडा आहे ते बघा. शून्य असेल तर निळ्या स्क्रीनची नोंदच नाही, आकडा असेल तर निळी आली होती.

एवढं करा. माय कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्ज, त्यात स्टार्टअप अँड रिकव्हरी, तिथला ऑटोमॅटिकली रिस्टार्टचा टिक काढा. म्हणजे निळी स्क्रीन तशीच थांबेल, मोबाईलवर फोटो काढा. आणि स्टार्टमध्ये रिलायबिलिटी एवढं टाईप केलंत तर रोजचा तक्ता उघडतो, कुठल्या तारखेला काय पडलं ते लाल फुलीनं दिसतं. फॉरमॅट झाल्यापासूनचं तरी सगळं सापडेल. मग इथं सांगा नावं काय काय येतात, एकच येतंय का दरवेळी वेगळं. आणि मे जूनमध्ये मशीनमध्ये काही नवीन घातलंय का, रॅम, ग्राफिक कार्ड, प्रिंटर, काहीही.

पत्रिका_मंगळवारपेठ
काका खूप आभार, दुकानात यातलं कुणी काही विचारलंच नव्हतं. टिक काढला आणि आज सकाळीच फोटो मिळाले. एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया, आणि रिलायबिलिटीमध्ये बघितलं तर मधल्या दिवसांत आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल पण आहे. कोरल आणि क्रोम स्वतःच बंद पडल्याच्या पण फुल्या आहेत. फटकन काळं झालेलं मात्र आठवत नाही, ४१ आहेत पण सगळ्यांत आकडा आहे, शून्य कुठं नाही.

आणि हो, मेच्या शेवटी ८ जीबी रॅम वाढवली होती, आधीची ८ होती, दुसऱ्या कंपनीची. आधीची २६६६ स्पीडची, नवीन ३२०० ची. अजून एक, मागच्या आठवड्यात झिप करून प्रेसला पाठवलेली फाईल त्यांच्याकडं उघडलीच नाही, परत झिप केली तेव्हा उघडली. त्याचा याच्याशी काही संबंध असेल का?

उद्यमनगर_वायरिंग
मी इलेक्ट्रिकचं काम करतो म्हणून माझी बाजू सांगतो. आमच्या भागात शेजारी लेथ, वेल्डिंग चालू झालं की घरातला बल्ब डुलतोय, असल्या लाईटवर हलका एसएमपीएस टिकत नाही. एसएमपीएसमधून निघणारी बारा व्होल्टची लाईन ११.४ च्या खाली जायला नको, मल्टिमीटर लावून लोडवर बघा, बायोसमधल्या आकड्यावर जाऊ नका. आणि ताई एक विचारतो, चप्पल न घालता कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात का? येत असतील तर तुमचं अर्थिंग नाही.

पत्रिका_मंगळवारपेठ
येतात! मला वाटायचं पावसाळ्यामुळं असेल. मागच्या बाजूच्या स्क्रूला टेस्टर लावला तर मंद पेटतो पण.

उद्यमनगर_वायरिंग
मग नक्कीच. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे कंडेन्सर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याला जोडलेले असतात, अर्थ नसली की पत्र्यावर निम्मं व्होल्टेज तरंगत बसतं, २३० चं साधारण ११५. करंट बारीक असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या, पण तो जायला वाट पाहिजेच. जुन्या वाड्यात बरेच वेळा तीन पिनचा सॉकेट असतो आणि तिसऱ्या पिनला वायरच नसते, उघडून बघितलं की कळतं. न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज आम्ही दोन तीनच्या आत धरतो. हे तुम्ही स्वतः उघडू नका, वायरमन बोलवा. आणि काही लोक सॉकेटमध्ये न्यूट्रलच अर्थला जोडून देतात, ते करून देतो म्हणाला तर त्याला तिथूनच परत पाठवा, न्यूट्रल तुटली की अख्खा पत्रा जिवंत होतो.

सर्व्हिसवाले_काका
वायरिंगवाल्या दादांचं अगदी बरोबर, ते काम करून घ्याच, जिवाशी गाठ आहे. पण निळ्या स्क्रीनचं मूळ मला तिथं दिसत नाही. दरवेळी वेगळं नाव, वेगवेगळे प्रोग्राम, बगचेक आकडा भरलेला, आणि मेमध्ये रॅम घातल्यावर जूनपासून सुरू. एखादा ड्रायव्हर बिघडला असता तर बहुतेक तेच ते नाव परत परत आलं असतं. रॅममधला एखादा कप्पा चुकीचं धरत असेल तर त्या कप्प्यात त्या वेळी जे येईल ते बिघडतं, कधी क्रोम, कधी कोरल, कधी विंडोजच. कोरलची मोठी पीडीएफ करताना रॅम भरते, वापरात नसलेले कप्पे पण वापरात येतात, म्हणून तिथं हमखास. आणि तुमची झिप फाईल, हो ताई, संबंध असू शकतो. डिस्कवर जे लिहिलं जातं ते रॅममधून जातं, रॅमनं एक बिट पलटवला तर तसंच चुकीचं लिहिलं जाणार.

म्हणूनच फॉरमॅट नको म्हणालो. खराब रॅमवर नवं विंडोज टाकलं तर त्याच्या फायली पण त्याच रॅममधून जाऊन डिस्कवर बसतात. चेकडिस्क (डिस्क दुरुस्त करणारं), एसएफसी (विंडोजच्या फायली दुरुस्त करणारं) हे पण आत्ता चालवू नका, दुरुस्ती करणाराच चुकीचं वाचत असला तर चांगलं असलेलं बिघडवेल.

आता काम असं. मशीन बंद, वायर काढा, पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरा, दोन्ही हातांनी आधी कॅबिनेटचा उघडा पत्रा धरा आणि मगच रॅमला हात लावा. नवीन काढून ठेवा, जुनी एकटी राहू दे. त्या स्थितीत मंडळांच्या सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर घ्या, आधी नको, जुन्या बॅकअपवर काही चढवू पण नका. हार्डडिस्क जुनी आहे म्हणता तर क्रिस्टल डिस्क इन्फोमध्ये (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) तिचं पण बघा, रिअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या खराब आणि संशयित जागा, शून्य पाहिजेत. मग दुसऱ्या मशीनवर मेमटेस्ट८६ (रॅम तपासायचं सॉफ्टवेअर) पेन ड्राईव्हवर तयार करा, फ्री व्हर्जन पुरतं, त्यात चार पास, म्हणजे पूर्ण फेऱ्या होतात. रात्री लावून झोपा. आधी नवीन पट्टी एकटी, मग त्याच स्लॉटमध्ये जुनी एकटी. लाल रंगात एक जरी एरर आली तरी ती पट्टी नापास, थोड्याच आहेत म्हणून चालवून घ्यायचं नाही. विंडोजमधलं मेमरी डायग्नोस्टिक पण आहे, पण ते पास झालं म्हणून निर्धास्त होऊ नका, त्याच्यातून बरंच निसटतं.

खोडरबरचं म्हणाल तर करायला हरकत नाही, हलक्या हातानं, आणि चुरा पूर्ण झटकायचा, स्लॉटमध्ये एक कण गेला तर नवीन दुखणं. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर त्यापेक्षा चांगलं.

रंकाळा_कट्टा
काका एक शंका, २६६६ आणि ३२०० एकत्र घातली म्हणूनच झालं नसेल का? माझ्याकडं पण तसंच आहे आणि चालतंय.

सर्व्हिसवाले_काका
भावा, वेगळ्या स्पीडच्या दोन पट्ट्या घातल्या की दोन्ही हळूवाल्या स्पीडवर येतात. ताईंचा प्रोसेसर तसाही २६६६ पर्यंतचाच आहे. बऱ्याच मशीनवर असं चालतं, काहींवर नाही. म्हणून तर एकेक टेस्ट करायला सांगितलं. दोन्ही एकट्या पास झाल्या आणि एकत्र नापास झाल्या तर जोडी जमत नाही, एकटी पट्टी नापास झाली तर पट्टीच खराब. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त स्पीडला चालवायचं सेटिंग) चालू असेल तर टेस्टच्या आधी बंद ठेवा.

पत्रिका_मंगळवारपेठ
काका सापडलं!! नवीन पट्टी एकटी लावली तर पहिल्याच पासमध्ये लाल ओळी यायला लागल्या, टेस्ट संपायच्या आत स्क्रीन भरली. त्याच स्लॉटमध्ये जुनी लावली, रात्रभर चालली, एक पण एरर नाही, दुसऱ्या स्लॉटमध्ये पण पास. म्हणजे बोर्डचे दोन्ही स्लॉट चांगले आहेत ना? तेव्हापासून ८ जीबीवरच काम चाललंय, कोरल हळू आहे पण एकदाही निळं पडलं नाही, अख्खं पावती पुस्तक पीडीएफ झालं. स्क्रीनचा फोटो दाखवल्यावर दुकानदारानं पट्टी वॉरंटीत बदलायला घेतली, मदरबोर्डचं नाव परत काढलं नाही. हार्डडिस्कचे दोन्ही आकडे शून्य आले. आता विंडोजचं काय करू आणि जूनपासूनच्या फायलींचं?

सर्व्हिसवाले_काका
लई भारी काम केलंत ताई. हो, स्लॉट चांगले आहेत.

आता चांगल्या रॅमवर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, आधी डिझमचं (विंडोज दुरुस्त करायची कमांड) रिस्टोअर हेल्थ, मग एसएफसी स्कॅननाऊ. दुरुस्त झालं म्हणालं तर फॉरमॅटची गरज नाही, नाही झालं तर मात्र आता फॉरमॅट मारायला हरकत नाही. फायलींना शॉर्टकट नाही. जूनपासून सेव्ह केलेल्या कोरलच्या फायली एकेक उघडा, पानं शेवटपर्यंत सरकवा, झिप असतील तर उघडून टेस्ट करा. छापायला जायच्या पीडीएफ परत नव्यानं काढा, पावती नंबर आणि मंडळाचं नाव डोळ्यांनी तपासा. मेच्या आधीचा बॅकअप असेल तर तो तसाच बाजूला ठेवा. वॉरंटीतून बदलून आलेली पट्टी पण आधी एकटी टेस्ट करा, मगच जोडीला घाला.

पत्रिका_मंगळवारपेठ
डिझम झालं, एसएफसीनं काही फायली खराब सापडल्या आणि दुरुस्त केल्या असं लिहून आलं. तीन पिनच्या सॉकेटमध्ये खरंच अर्थची वायर नव्हती, वायरमन उद्या येतोय, न्यूट्रलला जोडून घेणार नाही. मंडळांच्या फायली आज रात्रीपासून एकेक उघडायला घेते.