रेसिडेंटना समुपदेशक हवा की झोप?

मेडिसिन_जेआर२: आमच्या कॉलेजात मनस्वास्थ्य कक्ष उघडलाय. वेळ सकाळी दहा ते एक. तेव्हा आम्ही रेसिडेंट, म्हणजे एमबीबीएसनंतर पीजी करत वॉर्ड सांभाळणारे डॉक्टर, राऊंडला, नाहीतर ओपीडीत. दारातल्या रजिस्टरवर नाव आणि युनिट लिहायचं, म्हणजे संध्याकाळपर्यंत युनिटभर बोभाटा. १९९२च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत आठवड्याला ४८ तास ड्युटी होती. २०२४मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने ७४ तासांची मर्यादा सुचवली, आणि आमच्याकडे तीही कोणी पाळत नाही. आधी तास कमी करा, कक्षाचं नंतर बघू.

जुना_सर्जन: अजिबात पटत नाही. रात्री दोनला आलेलं फुटलेलं अपेंडिक्स ज्याने उघडलं, त्यानेच सकाळी पोट तपासायला हवं. दर आठ तासांनी माणूस बदलला की हँडओव्हरमध्ये गोष्टी निसटतात आणि रुग्ण भोगतो. मुलं खचतात ती अपमानाने. रुग्णासमोर केस शीट भिरकावणारा सीनियर आधी आवरा.

लातूरची_आई: तासांवरच का अडलात? माझी लेक एमबीबीएसला आहे, तिला कुठे नाईट ड्युटी? तरी पहिल्या वर्षी अॅनाटॉमीच्या इंटर्नलला नापास झाली आणि दोन दिवस फोन उचलला नाही. बारावीपर्यंत कायम पहिली आलेली पोर. त्याच कृती दलाच्या सर्वेक्षणात मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगणारे एमबीबीएसचे २७.८ टक्के आहेत, पीजीचे १५.३. मग झोपेचा मुद्दा टिकतो कसा? तिला सावरलं ते कॉलेजच्या समुपदेशक बाईंनी. तो कक्ष बंद पडलेला मला चालणार नाही.

मेडिसिन_जेआर२: काकू, बाईंनी लेकीला सावरलं हे वाचून खरंच बरं वाटलं. पण त्याच सर्वेक्षणात आत्महत्येचे विचार आल्याचं सांगणारे एमबीबीएसचे सुमारे १६ टक्के आहेत आणि पीजीचे ३१. पीजीत निदान कमी आणि विचार दुप्पट! मला यातून एवढंच दिसतं, की आम्ही डॉक्टरपर्यंत पोचतच नाही. पोचायला वेळ लागतो, आणि आपल्याच इस्पितळात केसपेपर काढायची भीती वाटते. तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, रात्री तीनलाही लागतो. आणि सर, अपमानाचं म्हणाल तर केस शीट भिरकावणारा सीनियरही छत्तीस तास जागाच असतो.

जुना_सर्जन: जागरण हे हात उगारायचं कारण होऊ शकत नाही, यावर मी ठाम आहे. निदानातल्या तफावतीचं मात्र मान्य. पण तास कापल्यावर वॉर्ड कोण सांभाळणार? लेक्चररची रिकामी पदं भरा, रक्ताचे नमुने पोचवायला आणि ट्रॉली ढकलायला माणसं नेमा. ही मागणी लिहून आणा, सही करतो.