पोर्टल स्वस्त, तपासणी महाग

दवाखाने आणि रुग्णालयांना नोंदणी आणि किमान मानकं सक्तीची करणारा केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारावा, ऑनलाइन नोंदणीला खर्च तो कसला, असं काही जण म्हणतात. कायदा यावा असं मलाही मनापासून वाटतं, पण खर्च संगणकाचा नाही, माणसांचा आहे. आपला १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा खाटा असलेल्या रुग्णालयांपुरता; नुसती ओपीडी चालवणारे दवाखाने त्यात येत नाहीत. केंद्राच्या कायद्याने ते सगळे एकदम यादीत येतील. हंगामी नोंदणी चौकशीशिवाय १० दिवसांत मिळते, तिचं सोपं आहे. कायम नोंदणीला मात्र मानकं पाळल्याचा पुरावा लागतो. तो खरा की खोटा हे जागेवर जाऊन बघणार कोण?

या कायद्यात नोंदणी देणाऱ्या जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, निमंत्रक जिल्हा आरोग्य अधिकारी. म्हणजे लसीकरण आणि साथी सांभाळणाऱ्यांच्याच डोक्यावर हेही. वेगळी पदं दिली नाहीत, तर प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर तपासणीला पिटाळला जाणार आणि केसपेपर काढून बाकावर बसलेली गरोदर बाई तशीच परत जाणार. ही किंमत कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. कायद्याची मागणी करताना जिल्हावार निरीक्षकांची पदं आणि त्यांच्या पगाराची तरतूदही त्याच निवेदनात मागायला हवी.