पहिला गेम करायला कोणतं सॉफ्टवेअर? जुना लॅपटॉप आहे आणि संवाद मराठीत हवेत

पाटीपेन्सिल
मंडळी, सल्ला हवाय. छोटासा २डी गेम करायचाय. घोरपड किल्ल्याचा कडा चढते, वरून दगड येतात, बुरुजावर पोचली की पहारेकरी चार वाक्यं बोलतो. ती वाक्यं मराठीतच हवीत. प्रोग्रामिंग म्हणाल तर थोडंफार पायथन. लॅपटॉप चौथ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. युनिटी, अनरिअल, गोडो, जीडेव्हलप, स्क्रॅच ही नावं वाचून वाचून डोकं भणभणलंय. लिंक पाठवली की ब्राउझरमध्ये खेळता यावा, एवढंच हवंय. प्ले स्टोअरचं नंतर बघू. कुठून सुरुवात करू?

डबलजंप
आधी वजाबाकी करू. अनरिअल या लॅपटॉपवर विसरा. युनिटीचा एडिटर काही जीबींचा, भाषा सी शार्प, आणि ४ जीबी रॅमवर प्रत्येक बदलानंतर चहा पिऊन यावं लागेल. स्क्रॅच वाईट नाही, पण मंच ४८०×३६० चा आणि एका वेळी ३०० क्लोनची (पात्रांच्या नकलांची) मर्यादा. शाळकरी मुलांसाठी उत्तम. पायथन येणाऱ्याला आठवडाभरात तोकडं पडेल.

उरले गोडो आणि जीडेव्हलप. तुम्हाला पायथन येतं म्हणून गोडो. त्याची जीडीस्क्रिप्ट दिसायला पायथनसारखीच, मोकळी जागा सोडून ब्लॉक करायचे. झिप दोनशे एमबीच्याही आत, उघडा आणि चालवा, इन्स्टॉल काही नाही. परवाना एमआयटी, म्हणजे उद्या गेम विकलात तरी कोणाला काही देणं लागत नाही. (युनिटीने सप्टेंबर २०२३ मध्ये इन्स्टॉलमागे फी जाहीर केली आणि वर्षभराने मागे घेतली. तेव्हापासून लोक परवाना नीट वाचायला लागले.)

नवा प्रोजेक्ट करताना रेंडरर (पडद्यावर चित्र काढणारा भाग) विचारतो, तिथे 'कम्पॅटिबिलिटी' निवडा. 'फॉरवर्ड प्लस'ला व्हल्कनसारखं नवं ग्राफिक्स तंत्र लागतं आणि तुमच्या इंटेल ग्राफिक्सला विंडोजवर ते नाही. वेब एक्स्पोर्टही (ब्राउझरसाठी गेम बाहेर काढणं) कम्पॅटिबिलिटीतच चालतो, त्यामुळे नुकसान शून्य. आणि डाउनलोड करताना सी शार्पवालं '.नेट' व्हर्जन घेऊ नका, गोडो ४ मध्ये त्यातून वेबवर एक्स्पोर्ट होत नाही.

यूट्यूबवर शिकताना एक खूण लक्षात ठेवा. व्हिडिओत 'कायनेमॅटिकबॉडी२डी' दिसलं की तो गोडो ३ चा, बंद करा. गोडो ४ मध्ये त्याचं नाव 'कॅरॅक्टरबॉडी२डी' आहे आणि पात्र हलवणाऱ्या मूव्ह_अँड_स्लाइडच्या कंसात आता काही लिहायचं नसतं.

मधलीसुट्टी
थोडा वेगळा सूर लावतो. गेम एवढाच असेल आणि पुढे प्रोग्रामिंग शिकायचं मनात नसेल, तर जीडेव्हलप लवकर हाती लागेल. ब्राउझरमध्येच उघडतो, 'प्लॅटफॉर्मर कॅरॅक्टर' हा बिहेवियर (तयार वागणूक) घोरपडीला लावला आणि जमिनीला 'प्लॅटफॉर्म' लावला की धावणं-उडी तयार. बाकीचं 'अट आणि कृती' अशा ओळींत मांडायचं. अडचण पुढे येते. ओळी दीडदोनशेच्या वर गेल्या की कोणती ओळ कोणाच्या आड येतेय ते शोधताना नाकी नऊ येतात. कडा एकच असेल तर तिथवर जाणारच नाही.

मराठीसाठीही सोपा. त्याचं साधं टेक्स्ट ऑब्जेक्ट ब्राउझरच काढतो, त्यामुळे वेलांटी-जोडाक्षरं नीट येतात. 'बिटमॅप टेक्स्ट' (अक्षरांच्या तयार चित्रांचा मजकूर) मात्र वापरू नका.

पाटीपेन्सिल
दोघांचे आभार. गोडो घेतला. कम्पॅटिबिलिटीवर सुरळीत चालतोय. १६ पिक्सेलच्या टाइल्स (जमीन-भिंती रचायचे चौकोनी तुकडे) काढल्या, स्क्रिप्ट देताना 'बेसिक मूव्हमेंट' हे हालचालीच्या तयार कोडचं टेम्प्लेट निवडलं. आता तक्रारी: घोरपड पडद्यावर मुंगीएवढी दिसते आणि अंधुक. जमिनीतून आरपार खाली जाते. आणि इज_ऑन_वॉल तपासून भिंतीवर चढवतोय, तर थरथरते, मध्येच घसरते.

डबलजंप
मुंगी: मूळ खिडकी ११५२×६४८ ची असते. प्रोजेक्ट सेटिंग्ज > डिस्प्ले > विंडो इथे रुंदी ३२०, उंची १८० करा आणि विंडो ओव्हरराइड १२८० व ७२०. म्हणजे बरोबर चौपट, पिक्सेल वेडेवाकडे ताणले जात नाहीत. स्ट्रेच मोड 'कॅनव्हास आयटम्स' ठेवा, मराठी अक्षरं त्यात स्पष्ट येतात. अंधुकपणासाठी रेंडरिंग > टेक्स्चर्समध्ये डिफॉल्ट फिल्टर 'निअरेस्ट'.

आता वेगही बदलावे लागतील. टेम्प्लेटमधला ३०० चा वेग ३२० च्या पडद्यावर ठेवलात तर घोरपड सेकंदाभरात या टोकाची त्या टोकाला. ८० करून बघा. उडी अंदाजाने ठरवू नका. उंची = वेगाचा वर्ग भागिले दुप्पट गुरुत्व. गोडोचं गुरुत्व ९८०, टेम्प्लेटची उडी ४००, म्हणजे ८२ पिक्सेल, पाच टाइल्स! अडीच टाइल्स म्हणजे ४० पिक्सेल हव्या असतील तर आकडा येतो २८०. उणे २८० लिहायचं, कारण इथे वाय अक्ष खाली वाढतो.

आरपार: टाइलला चित्र आहे, अंग नाही. टाइलसेटच्या इन्स्पेक्टरमध्ये फिजिक्स लेयर्समध्ये एक एलिमेंट जोडा, मग खालच्या टाइलसेट पॅनेलमध्ये 'पेंट'वर जाऊन फिजिक्स लेयर ० निवडा, बहुभुजाच्या चौकटीवर माउस नेऊन एफ दाबा (पूर्ण चौकोन मिळतो) आणि टाइल्सवर क्लिक करत जा. शिवाय घोरपडीच्या कोलिजनशेपजवळ (टक्कर ओळखणाऱ्या भागाजवळ) पिवळा त्रिकोण दिसत असेल तर त्याला आकारच दिलेला नाही.

थरथर: इज_ऑन_वॉल हे फक्त मागच्या मूव्ह_अँड_स्लाइडमध्ये भिंतीला टक्कर झाली का, एवढंच सांगतं. डावं-उजवं बटण सोडलंत की आडवा वेग शून्य, टक्कर नाही, उत्तर 'नाही', पकड सुटली. चढत असताना भिंतीकडे किंचित ढकलत राहा: आडवा वेग = उणे गेट_वॉल_नॉर्मलचा (भिंतीपासून बाहेरची दिशा) एक्स गुणिले १०. ही ओळ आणि चढायचा उभा वेग (उणे ६० पुरे), दोन्ही गुरुत्वाच्या आणि डाव्या-उजव्याच्या ओळींनंतर पण मूव्ह_अँड_स्लाइडच्या आधी लिहा. वेगांना डेल्टाने (मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळाने) गुणू नका, ते काम मूव्ह_अँड_स्लाइड स्वतः करतं. गुरुत्वाच्या ओळीतला डेल्टा मात्र तसाच राहू द्या.

कोसळणाऱ्या दगडांना एरिया२डी (स्पर्श ओळखतो, अडवत नाही) पुरेल. पडद्याबाहेर गेलेला दगड क्यू_फ्रीने काढून टाका, नाहीतर ४ जीबीचा लॅपटॉप दहा मिनिटांनी कण्हायला लागेल.

अनुस्वार
मराठी मजकुराचं मी सांगते. गोडो ३ मध्ये देवनागरीची जुळणी नव्हती, 'किल्ला' लिहिलं की वेलांटी 'क'च्या पुढे जाऊन बसायची. ४ मध्ये ते सुटलं. युनिटीच्या टेक्स्टमेशप्रोत (मजकूर दाखवायचं साधन) हीच रड आहे, त्यामुळे तिकडे गेला नाहीत ते बरंच.

तरी दोन खड्डे आहेत. गोडोच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही. तुमच्या लॅपटॉपवर विंडोजचा फॉन्ट उसना घेऊन सगळं छान दिसेल आणि वेबवर चढवल्यावर नुसते चौकोन. म्हणून नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ताची टीटीएफ फाइल प्रोजेक्टमध्येच टाका आणि थीमला (मजकूर, बटणं यांचं रूप ठरवणारी फाइल) लावा. स्ट्रेच मोड 'व्ह्यूपोर्ट' असेल तर १८० ओळींच्या पडद्यावर रफार आणि मात्रा एकमेकांत मिसळतात. 'कॅनव्हास आयटम्स'मध्ये अक्षरं खिडकीच्या खऱ्या आकारात रेखली जातात.

दुसरा खड्डा पहारेकरी एकेक अक्षर बोलतो तेव्हाचा. व्हिजिबल कॅरॅक्टर्स (किती अक्षरं दिसावीत तो आकडा) वाढवत नेलं की 'रक्षक'मधला 'क्ष' आधी पाय मोडका 'क्' दिसतो आणि मग एकदम 'क्ष' होतो. लेबलमध्ये 'व्हिजिबल कॅरॅक्टर्स बिहेवियर' शोधा आणि 'आफ्टर शेपिंग' करा.

मधलीसुट्टी
वेबचं राहिलं. एक्स्पोर्ट टेम्प्लेट्स वेगळी उतरवावी लागतात, एक जीबीच्या आसपास, तेव्हा वायफायवर. गोडो ४.३ किंवा पुढचं घ्या आणि 'थ्रेड सपोर्ट' बंद ठेवा. ते चालू असेल तर सर्व्हरने फाइलींबरोबर खास हेडर (सूचना) पाठवावे लागतात, नाहीतर गेम सुरूच होत नाही. फाइलचं नाव इंडेक्स.एचटीएमएल, सगळ्या फाइलींची एक झिप, ती इच.आयओवर (गेम ठेवायची साइट) चढवून 'ब्राउझरमध्ये खेळता येईल' या चौकटीत खूण.

ती एचटीएमएल फाइल लॅपटॉपवर डबल क्लिक करून उघडणार नाही, घाबरू नका. तपासायला एडिटरच्या वरच्या पट्टीतला रिमोट डिप्लॉय वापरा. आणि फाइलींची नावं सगळी लहान लिपीतल्या इंग्रजी अक्षरांत ठेवा. विंडोजला लहान-मोठ्या लिपीतला फरक चालतो, एक्स्पोर्ट केलेल्या गेमला चालत नाही. दगडाचं चित्र लॅपटॉपवर दिसतं आणि लिंकवर गायब, असं झालं तर पहिला संशय तिथेच घ्या.