मदत हवी आहे : बाबांना सड्यावर दुसऱ्यांदा 'चकवा' लागला

सड्याखालचा

नमस्कार मंडळी. एरवी नुसता वाचत असतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

गाव आमचं कुडाळ तालुक्यात. मी डोंबिवलीला, आईबाबा गावी. बाबा ७१ वर्षांचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त. आमची वाडी सड्याच्या अलीकडे, आत्याची पलीकडे. ज्यांनी सडा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो : जांभ्याचा सपाट कातळ, पावसाळ्यात गवत आणि फुलं, बाकी वर्षभर काळं ठिक्कर. झाड म्हणाल तर कुठे एखादी करवंदाची जाळी. मातीत पायवाट उमटते तशी कातळावर उमटत नाही. तरी दिवसा अर्ध्या तासात पार होतो, आणि बाबा तो शाळेच्या वयापासून तुडवत आलेत.

या सड्यावर चकवा आहे हे आम्ही लहानपणापासून ऐकतोय. तो दिसत नाही, बोलत नाही, मानगुटीवर बसत नाही. माणूस चालतच राहतो आणि फिरून तिथेच येतो, एवढंच. घराचा दिवा समोर दिसतो, त्या रोखाने निघावं तर थोड्या वेळाने दिवा पाठीमागे. आजी सांगायची की चकवा लागला तर जागीच बसायचं, सदरा काढून उलटा घालायचा आणि कोंबडा आरवेपर्यंत उठायचं नाही.

पहिल्यांदा झालं ते भाद्रपदात. आत्याकडे एकवीस दिवसांचा गणपती असतो. तिथून भजन करून निघालेले बाबा दीड तास उशिरा घरी आले. पायाला खरचटलेलं, सदरा भिजलेला. वाट चुकलो म्हणाले, आम्हीही सोडून दिलं.

आता कार्तिकी एकादशीला पुन्हा. साडेनऊला आत्याकडून निघाले ते साडेबारापर्यंत घरी नाहीत. चुलतभाऊ (आम्ही त्याला दादाच म्हणतो) आणि वाडीतले तिघे बॅटऱ्या घेऊन चढले. सड्याच्या मधोमध तीन धोंडे आहेत, बाबा त्यांच्याभोवती फेऱ्या मारत होते. वारा गार, पण अंगावर घामाच्या धारा. हात थरथरत होते. दादाला त्यांनी माझ्या वारलेल्या काकांच्या नावाने हाक मारली. शेजारच्या काकूंनी घाईत थर्मासमध्ये चहा भरून दिला होता, तो त्यांना पाजला. सोबतच्या म्हाताऱ्याने तिथेच देवचाराला गाऱ्हाणं घातलं, राखण (त्याच्या नावाने नारळ-कोंबडा) देऊ म्हणून बोलला. दहा-पंधरा मिनिटांत बाबा ताळ्यावर. उलट यांनाच विचारतात, "एवढ्या रात्री तुमी सगळी हय कित्याक?"

फोनवर मला म्हणाले, "माका वाट ठावक आसा रे. पन ती वाटच सरकत होती."

दोन्ही वेळा एकादशी होती, त्यामुळे वाडीत आता नवीनच सुरू झालंय की सड्यावरचा चकवा एकादशीला फिरतो.

मला विचारायचंय ते असं. असा अनुभव कुणाला किंवा कुणाच्या घरी आलाय का? विस्मरणाच्या आजाराची ही सुरुवात असू शकते का? आई म्हणते आधी राखण देऊ या, डॉक्टर नंतर. बाबांना तर डॉक्टरचं नावच नको. आणि शेजारच्या गावातला एक भगत आपणहून निरोप पाठवून बसलाय, त्याचं काय करू?

कृपया टिंगल करू नका. वडील आहेत.

कुडाळी_काकू

टिंगल कोण करील रे बाबू. माझ्या सासऱ्यांना वायंगणाच्या मळ्यात असाच चकवा लागला होता. रात्रभर एकाच बांधावरून फिरत होते, सकाळी बघतात तर घर हाकेच्या अंतरावर.

एक सांगते, देवचार आणि चकवा यांची गल्लत करू नकोस. देवचार हा सीमेचा राखणदार. वाट चुकलेल्याला चूड दाखवत घरापर्यंत आणून सोडतो अशी आपल्याकडची समजूत. आरवलीचा वेतोबा तसाच, रात्री गावातून फिरतो म्हणून त्याला हे एवढाले चामड्याचे जोडे वाहतात. जोड्यांचे तळ झिजलेले दिसतात असं म्हणतात. आपल्याकडे घाबरवणारे थोडे आणि राखणारे जास्त. त्यामुळे राखण द्यायला काही हरकत नाही. नारळ, कोंबडा, वाडीचं जेवण. घरच्यांच्या जिवाला बरं वाटतं.

भगताला मात्र उंबऱ्याच्या आत घेऊ नकोस. राखण गावाची असते, भगताचं बिल घरावर येतं.

ठाम_नास्तिक

२१व्या शतकात कोंबडा कापून उपचार! साधी गोष्ट आहे. काळोख, खुणा नसलेला कातळ आणि वय. काळोखात कुणीही वाट चुकेल. चांगली बॅटरी घेऊन द्या, विषय संपला.

झाडीपट्टी

आमच्याकडे गडचिरोलीच्या जंगलात याला भुलनवेल म्हणतात. वेलीवर पाय पडला की माणूस भुलतो, ओळखीचं रान अनोळखी होतं. शेजारी छत्तीसगडात भुलन कांदा. बंगाली मित्र सांगतो, त्यांच्याकडे कानाभुलो नावाचं भूतच आहे, एकट्यादुकट्याला भलतीकडे नेणारं. नावं वेगळी, पण माणूस सगळीकडे गोलच फिरतो, ही मला गंमत वाटते.

उपायही सारखे. बस, बिडी पेटव, कपडा उलटा कर. तेवढा वेळ माणूस थांबतो, श्वास घेतो. मला तरी त्यात शहाणपण दिसतं.

रानवाटा

गोल फिरण्यावर खरोखर प्रयोग झालेत. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या यान झौमान आणि सहकाऱ्यांनी २००९ साली ते प्रसिद्ध केले. माणसांना दाट जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात सरळ चालायला सांगितलं आणि जीपीएसने मार्ग नोंदवला. सूर्य दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले. ढगाळ दिवशी जंगलातले लोक गोल फिरले आणि स्वतःचीच वाट ओलांडून गेले, त्यांना पत्ताही लागला नाही. डोळे बांधले तेव्हा काही जणांचं वर्तुळ २० मीटरपेक्षाही लहान झालं. म्हणजे चकव्याची गोष्ट रचणारे खोटं बोलत नव्हते. जे होतं तेच सांगत होते.

पण नास्तिकराव, जरा पंचांग बघा. कार्तिकी एकादशी शुद्ध पक्षातली. साडेनऊला चंद्र चांगला वर असतो आणि मध्यरात्र उलटेपर्यंत मावळत नाही. उघड्या सड्यावर त्या रात्री पेपर वाचता येईल. त्याच प्रयोगात वाळवंटात रात्री चाललेला माणूस चंद्र दिसेपर्यंत सरळ गेला आणि चंद्र ढगाआड गेल्यावर वळत वळत उलट दिशेला लागला.

धागाकर्ते, त्या रात्री आभाळ होतं का?

सड्याखालचा

दादाला विचारलं. लख्ख चांदणं होतं. वर चढल्यावर बॅटऱ्या बंदच केल्या म्हणाला, बाबांची सावली लांबूनच दिसली. भाद्रपदात मात्र पावसाळी हवा होती.

रानवाटा

मग सड्याला दोष देता येणार नाही. चांदण्यात, साठ वर्षं पायाखालची वाट, आणि तीन तास? दुसरं काहीतरी आहे.

गोळीवाली

मी तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करते. मूळ धागा पुन्हा वाचला आणि चार शब्दांवर अडले : घाम, थरथर, एकादशी, चहा.

थेट विचारते. बाबांना मधुमेह आहे का? असल्यास गोळी कोणती, आणि हल्ली डोस वाढवलाय का? एकादशीला ते काय खातात? आणि तो चहा गोड होता का?

सड्याखालचा

डॉक्टर, वाचून हातपाय गार पडले.

हो, बारा वर्षांपासून मधुमेह. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. श्रावणात साखर वाढलेली दिसली म्हणून ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅमचं २ केलं. एरवीच्या एकादशीला घरीच असतात, आई साबुदाणा खायला लावते. या दोन्ही वेळा मात्र भजन होतं म्हणून सकाळचं एक केळं आणि पाणी, एवढ्यावर होते. गोळी चुकवत नाहीत, कंडक्टरची शिस्त. आणि चहात साखर होती. काकूंना बाबांचा मधुमेह माहीत नव्हता. आईने भरला असता तर बिनसाखरेचाच गेला असता.

गोळीवाली

न तपासता ठाम सांगणार नाही, पण आधी इथेच बघा. ग्लिमेपिराइड जातीच्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात, पोटात अन्न असो वा नसो. उपास, वर सड्याची चढण, वर टाळ वाजवत तीन तास उभं राहणं. साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरकाप, धडधड. अजून खाली गेली की मेंदूला इंधन पुरत नाही. माणूस चालू शकतो, बोलूही शकतो, पण माणसं आणि जागा ओळखण्यात चुकतो. बघणाऱ्याला दारू प्यायल्यासारखा किंवा झपाटल्यासारखा वाटतो. उतारवयात मूत्रपिंड मंदावलं असेल तर हे औषध अंगात जास्त वेळ राहतं आणि साखर पुन्हा पुन्हा घसरू शकते.

उद्या डॉक्टरकडे न्या. राखणीच्या आधी. उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, पण पुढची तपासणी होईपर्यंत उपास मात्र बंद. आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा : पुन्हा असं झालं आणि शुद्धीवर असतील तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, मग काहीतरी खायला द्यायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ गाडी काढायची.

विस्मरणाचीही तपासणी करून घ्या, पण गोड चहाने दहा मिनिटांत उतरणारं विस्मरण मी पाहिलेलं नाही.

ठाम_नास्तिक

चंद्राचं लक्षात आलं नाही, मान्य. डॉक्टरांना दंडवत. भगताबद्दल : भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, साखळीने बांधणं, धुरी देणं हे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हे आहेत. निरोप आणणाऱ्याला एवढं ऐकवलंत तरी पुरे.

सड्याखालचा

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफी.

रजा टाकून गावी गेलो. बाबा ऐकेनात. दोन दिवस गप्प राहिले, तिसऱ्या दिवशी खळ्यात सुपारी कातरत बसले असताना म्हणाले, "माका ठावक आसा तुका काय वाटता ता. म्हातारो येडो झालो असाच ना?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चकवा लागला म्हटलं की बोल सड्याला. डॉक्टरकडे गेलं की बोल यांच्या डोक्याला. तीस वर्षं पैशापैशाचा हिशेब जुळवून पेटी जमा केलेला माणूस आहे. त्याला भूत परवडतं, वेड परवडत नाही.

मी म्हटलं, डोक्याचं काही नाही बाबा, गोळीचा हिशेब चुकलाय. हिशेब म्हटल्यावर उठले, स्वतःच जुने कागद काढले, तारखा लावल्या. गोळी वाढवल्याची तारीख, पहिली एकादशी, दुसरी एकादशी. ओळीने लिहून डॉक्टरपुढे ठेवलं.

तीन महिन्यांची सरासरी ५.८ निघाली. डॉक्टर म्हणाले, या वयात एवढी खाली नको. क्रिएटिनिन थोडं वाढलेलं. साध्या दिवशी पहाटे घरच्या मशीनवर ६४ दाखवलं, तेव्हा आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. ग्लिमेपिराइड पूर्ण बंद, मेटफॉर्मिन कमी करून ठेवलंय. स्मरणशक्तीची चाचणी घेतली, त्यात बाबांनी शंभरातून सात-सात वजा करताना तपासणाऱ्या मुलीलाच मागे टाकलं.

राखण दिली. मीही पंगतीला होतो. काकू, तुमचं बरोबर होतं, त्या रात्री शोधायला चढलेले तिघे तिथे जेवले, ते मला फार बरं वाटलं. भगत आला नाही.

डॉक्टरांनी खिशात ग्लुकोजची पुडी ठेवायला सांगितलीय. बाबांना ती पसंत नाही, त्यांनी देवळातल्या प्रसादाची खडीसाखर ठेवलीय. डॉक्टर म्हणाले चालेल, पण चघळत बसू नका, कडकड चावून खा. तर परवा भजनाहून सड्यावरून येताना (आता दादा सोबत असतो) पाय जड वाटले म्हणून त्या तीन धोंड्यांपाशी बसले आणि मूठभर खडीसाखर चावली. दादाने ते वाडीत सांगितलं. काल आत्याचा फोन आला होता, पलीकडच्या वाडीतली पोरं रात्री सडा ओलांडताना खिशात खडीसाखर घेऊन जातात म्हणे. चकवा तिच्या आवाजाला भितो.

कुडाळी_काकू

माझ्या नातवालाही पाठव रे थोडी, रात्री परसात जायला घाबरतो.